दिल्ली ते व्हॅन्कुव्हर, पावणेदोन तास

नागपूर ते दिल्ली पावणेदोन तास, आणि दिल्ली ते व्हॅन्कुव्हर, म्हणजे पार कॅनडा, तेसुद्धा पावणेदोन तास. आमच्या तिकिटावर असं छापलेलं होतं. सकाळी आठला नागपूर सोडायचं, पावणेदहाला दिल्ली. दुपारी सव्वाला दिल्ली सोडायची आणि त्याच तारखेला दुपारी तीनला व्हॅन्कुव्हर. मी एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, मधे ड्रायव्हरनं कुठे चहा मारला, हे वहीतल्या दोन आकड्यांवरून ओळखणं हा माझा धंदा. पावणेदोन तासांत आमची नरखेड गाडी काटोल ओलांडते न ओलांडते. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या फरकाचा आकडा तिकिटावर कुठेच नव्हता, आणि जे कागदावर लिहून देत नाहीत तिथे पाणी मुरतं असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट तर जास्तच खटकत होती. माझं तिकीट जाण्यायेण्याचं होतं. शांतावहिनीचं फक्त जाण्याचं. तिकिटं पाठवली होती प्रफुल्लनं, म्हणजे वहिनीच्या मुलानं, माझ्या पुतण्यानं. सोबत निरोप काही नाही. "भाऊजी आले तरच मी येईन," असं वहिनीनं त्याला ठणकावलं म्हणून माझं तिकीट निघालं, नाहीतर तो मला कशाला बोलावतो! चार वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. आईला तिकडे नेऊन कायमची डांबायचा याचा डाव आहे, घर सांभाळायला फुकटची बाई हवी असेल, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

चार वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझा मोठा भाऊ, म्हणजे प्रफुल्लचा बाप, आम्ही त्याला दादा म्हणायचो, मे महिन्यात गावी वारला. गाव नरखेड तालुक्यात, संत्र्याच्या बागांमधलं. पहाटे सहाला त्याचा श्वास थांबला. आठला प्रफुल्लचा फोन आला. रडत होता. "काकाजी, दहाच्या फ्लाइटनं निघतो. चौदा तास लागते दिल्लीले. तिथून भेटन त्या विमानानं येतो. थांबा."

मी वही काढली. सवयच ती. सुटणार दहा. अधिक चौदा. दिल्ली रात्री बारा. दिल्लीहून सकाळचं पहिलं विमान, नागपूर आठ-साडेआठ, गाव साडेदहा. आजूबाजूच्या गावांतून मातीला (अंत्यविधीला) आलेल्या सगळ्यांना मी तीच वेळ सांगितली. दादाला बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी साडेदहा झाले, अकरा झाले, प्रफुल्लचा पत्ता नाही, फोन बंद. मे महिन्यातलं ऊन आणि अंगणात वितळलेल्या बर्फाचं पाणी. "तो निघालाच नसन," मी म्हणालो. बाराला मी माझ्या हातानं दादाला अग्नी दिला.

आंघोळ करून आलो तर फोनवर प्रफुल्लचे सात कॉल. पावणेएकला दिल्लीत उतरलो म्हणाला. मी सांगितलं, झालं सगळं. रात्री नऊला तो टॅक्सीतून उतरला आणि दारातच म्हणाला, "थांबले काहून नाही?" (काहून म्हणजे का.) माझं डोकं फिरलं. चाळीस माणसांसमोर मी म्हणालो, "सकाळी साडेदहाले पोचाचा तू आता आला. साडेदहा तास लेट! कुठं होता गा साडेदहा तास?" तो तसाच आत आईकडे गेला. तेरवी (तेराव्या दिवसाचा विधी) केली आणि परत गेला.

म्हणून या प्रवासाला मी नवी वही घेतली होती. मनगटावर माझं चावीचं घड्याळ, नोकरीतलं. या रस्त्याला खरोखर किती वेळ लागतो ते मीच मोजणार होतो.

नागपूर विमानतळावर पहिला खोडा. तपासणीत वहिनीच्या पिशवीतून अडकित्ता निघाला. बाई आयुष्यभर सुपारी कातरत आलेली, तिला तो सोडवेना. "मी का याच्यानं विमान फोडणार हाव?" असं तिनं तिथल्या पोलीसबाईला विचारलं. पोलीसबाई आमच्याकडचीच निघाली. "नाही वं माय," ती म्हणाली, "पण नियम आहे." अडकित्ता एका मोठ्या डब्यात पडला. त्या डब्यातल्या वस्तू पुढे कोणाच्या घरी जातात, हा संशय मला अजूनही आहे.

दिल्लीचं विमानतळ म्हणजे चालून चालून पाय मोडायची जागा. आमच्या विमानाच्या दाराशी पंजाबी म्हाताऱ्या-कोताऱ्यांची रांग लागलेली, बऱ्याच जणी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर स्टीलचे डबे. सगळ्या मुलांकडे निघालेल्या. सव्वाला विमानाचं दार लागलं तशी मी नोंद केली.

विमान वर गेलं आणि समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा आला. घरच्या भिंतीवरच्या नकाशात कॅनडा अगदी डावीकडे आहे. मला वाटलं, आपण समुद्रावरून सरळ डावीकडे जाणार. हे विमान निघालं वर. चीन, मग रशिया, मग नकाशाच्या टोकाचा पांढरा भाग. नागपूर स्टेशनावरचे काही ऑटोवाले नव्या गिऱ्हाईकाला असंच गावभर फिरवतात. शेजारी एक सरदारजी बसले होते, सातव्यांदा निघालेले. मी विचारलं, "ये सीधा क्यों नहीं जा रहा?" ते म्हणाले, "सीधा ही जा रहा है जी." मला ते उत्तर पटलं नाही.

वहिनी खिडकीतून पाहत होती. बागेत तिनं जन्मभर संत्री मोजली, भरली. ती म्हणाली, "भाऊजी, संत्र्याच्या या बाजूहून त्या बाजूले जाचं असन तर देठावरून जवळ पडते. पोटावरून काहून जावं?" मी पडद्यावरचा रस्ता पुन्हा पाहिला. तिचं बरोबर होतं आणि मला ते आवडलं नाही.

जेवण आलं. राजमा, भात, एक थंडगार पाव आणि कसलातरी थरथरणारा गोड पदार्थ. तो शाकाहारी आहे का, हे मी दोन वेगवेगळ्या हवाईसुंदरींना विचारून घेतलं. दोघींनी हो सांगितलं, तरी मी खाल्ला नाही. वहिनीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. वासानं सरदारजी जागे झाले, त्यांनाही अर्धी दशमी गेली.

नंतर एक भलतंच घडलं. घड्याळात रात्रीचे आठ वाजले, दहा वाजले, साडेअकरा वाजले, आणि सूर्य काही मावळेना. खिडकीची झडप इंचभर उघडली की ऊन भस्सकन आत. खाली बर्फाचे तुकडेच तुकडे तरंगणारा समुद्र. घड्याळ बंद पडलं की काय म्हणून मी ते कानाला लावलं. टिकटिक चालू होती. मी वहीत लिहिलं, "११.३०. ऊन आहे." एसटीत अशी नोंद केली असती तर मेमो मिळाला असता.

वहिनीला झोप नव्हती. मी तेवढ्यात विषय काढला. "वहिनी, तुमचं तिकीट एकाच बाजूचं आहे, पाहिलं का? पोराच्या मनात काय आहे कोण जाणे."

"मीच मांगतलं एका बाजूचं," ती म्हणाली.

"काहून?"

ती चटणीच्या डब्याचं झाकण बोटांनी फिरवत राहिली. "भाऊजी, मले तिकडं ऱ्हायची हौस नाही. माहं घर, माही गाय, माही झाडं सोडून मले तिथं काय करायचं? पण बापाच्या मातीले पोरगा पोचला नाही. माह्याही मातीले नाही पोचला तर? त्याच्यापेक्षा त्याच्याच घरात मरीन ना मी. तो जवळ तर राहीन." मग माझ्या वहीकडे बोट केलं. "तुम्ही लिहून राहिले ना सगळं? मले खरा टाइम काढून द्या. मी गावी मेली, तर माहा पोरगा माह्या मातीले पोचते का नाही, ते सांगा. नाही पोचत म्हणाले तर मी वापस येत नाही."

मी हो म्हणालो. माझ्या वहीवर तिनं केवढं ओझं टाकलं हे मला तेव्हा कळलं.

विमान उतरलं तेव्हा माझ्या घड्याळात साडेतीन वाजले होते. विमानतळावरच्या भल्यामोठ्या घड्याळात तीन. अर्ध्या तासाचा फरक, बस्स. मी बेरीज केली. दार लागल्यापासून सव्वाचौदा तास. म्हणजे पोरगा चौदा म्हणाला होता ते खरं होतं. मग तर माझा संशय आणखीच पक्का झाला. रस्ता चौदा तासांचाच आहे ना? मग दादाच्या वेळी हा साडेदहा तास कुठे होता?

बाहेर प्रफुल्ल उभा होता. आईला पाहून त्याचा चेहरा पार लहान पोरासारखा झाला. तिला त्यानं असं मिठीत धरलं की लोक वळून पाहायला लागले. माझ्या हातातली बॅग घेतली, माझ्याकडे न बघता. गाडीत बसल्यावर चार वर्षांतलं पहिलं वाक्य आलं. "काकाजी, घड्याळ लावून घ्या."

"अर्ध्या तासाचा फरक आहे. राहू दे," मी म्हणालो.

त्यानं आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी काढली.

जून महिना होता, आणि डोंगरांच्या डोक्यावर बर्फ! रस्ते इतके शांत की मला वाटलं आज इथे बंद आहे. झाडं उंच, काळपट हिरवी, ओली. हॉर्न नाही, धूळ नाही, पानठेला नाही. प्रफुल्ल एका घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत एकटाच राहत होता. मी फुकटच्या बाईचा डाव शोधत घर पाहून घेतलं. आईची खोली त्यानं तयार ठेवली होती, आणि स्वतःचं अंथरूण स्वयंपाकघराशेजारी जमिनीवर. भिंतीवर दादाचा फोटो, बागेतला, डोक्याला उपरणं. रात्री साडेनऊला तिथे सूर्य मावळला. आम्ही तिघं वरण-भात जेवलो. वहिनी दोघांशी बोलत होती, आम्ही दोघं फक्त तिच्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरच्या घड्याळात दहा वाजले. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. वहिनी म्हणाली, "गावले फोन लावा भाऊजी. गाईनं वैरण खाल्ली का इचारा." गाय शेजारच्या बाबारावकडे सोपवली होती. मी फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. आवाज झोपेतला.

"बाबाराव, पोचलो आम्ही. गाय कशी आहे?"

"पोचले? बरं झालं भाऊ. पण रातचे साडेदहा वाजले गा इकडं! गाय बी झोपली, मी बी झोपलो. सकाळी करा ना फोन."

मी फोन ठेवला. माझ्या घड्याळात साडेदहा. ओट्यावर दहा. कालपासून मी ज्याला अर्ध्या तासाचा फरक म्हणत होतो तो अर्धा तास नव्हताच. मधे अख्खे बारा तास होते. काटे जवळजवळ तिथेच दिसत होते म्हणून मला दिसला नव्हता.

दहाच्या फ्लाइटनं निघतो.

मी वही ओढली. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. अधिक सव्वाचौदा. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेएक, दिल्ली. तो म्हणाला होता तेच. संध्याकाळचं विमान, नागपूर सात, गाव नऊ. पोरगा नऊला दारात उतरला होता. वाटेत एक मिनिट कुठे थांबला नव्हता.

एकतीस वर्षं मी गाड्यांच्या वेळा लिहिल्या, पण महामंडळाची सगळी स्थानकं एकाच घड्याळावर चालतात. दहा म्हटलं की दहा. कोणाचे दहा, हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि त्या सकाळी आली तेव्हा मी विचारलं नाही. नंतरच्या चार वर्षांत केव्हाही बोटांवर मोजून पाहता आलं असतं. ते मी केलं नाही, कारण दोष पोराचा आहे असं धरून बसणं मला सोयीचं होतं.

"प्रफुल्ल," मी म्हणालो. तो भांडी पुसत होता. "तू लेट नव्हता बाबू. मी तुझे दहा आपले दहा धरले. तू विमानात बसला बी नव्हता तवा मी तू निघाला असं लिहून ठेवलं. चूक माझी आहे. दादाले मी तुझ्याआधी जाळलं."

त्याच्या हातातलं ताट ओट्यावर आपटलं. तो पाठमोराच म्हणाला, "काकाजी, तुम्ही एसटीत टाइम पाहणारा माणूस. तुमची वेळेची चूक होईन असं माह्या मनातच नाही आलं. मले वाटे, तुम्ही मुद्दाम थांबले नाही. अग्नी तुम्हालेच द्यायचा होता, असं वाटे." आणि तो रडायला लागला. मीही रडलो. लपवण्यासारखं काय आहे त्यात!

वहिनी आमच्या दोघांवर कडाडली. "चार वर्सं! चार वर्सं तुम्ही दोघं माह्या डोक्यावर दगड ठेवून बसले! एकानं तोंड उघडलं असतं तर काय जीभ झडली असती?" मग खुर्चीत बसली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या वहीकडे पाहिलं. "मंग? खरा टाइम किती?"

"एकोणचाळीस तास," मी म्हणालो. "पहाटे सहापासून दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत. चौदा मोठ्या विमानातले, बाकीचे तिकिटाचे, वाट पाहण्याचे आणि रस्त्याचे."

"बर्फावर मढं टिकते तेवढे तास?"

"टिकते."

"तुम्ही थांबान?"

"थांबीन वहिनी. आणि मी नसलो तर जे असतीन त्यायले सांगून ठेवीन."

तिनं प्रफुल्लकडे वळून सांगितलं, "माहं वापसीचं तिकीट काढ."

तीन महिने राहिलो. समुद्र पाहिला, डोंगर पाहिले, तिथल्या दुकानात संत्री पाहिली आणि वहिनीनं ती दाबून नापास केली. सप्टेंबरात निघालो तेव्हा विमानतळावर प्रफुल्लनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. "काकाजी, हिवाळ्यात इकडचं घड्याळ एक तास मागं जाते. मंग आमचे दहा म्हणजे तुमचे साडेअकरा. ते बी लिहा."

परतीचं विमान प्रफुल्लनं चार वर्षांपूर्वी घेतलं होतं तेच होतं, सकाळी दहाचं. घड्याळातली वेळ मी अजूनही बदललेली नव्हती. सगळा प्रवास मला त्या पोराचा प्रवास दिसत होता. फोन बंद, चौदा तास एका खुर्चीत, आणि मनात एकच, की घरी थांबले आहेत. दिल्ली पाऊण तासावर आली. हवाईसुंदऱ्या रिकामे कप गोळा करत होत्या. माझ्या घड्याळाचे दोन्ही काटे बारावर आले, दादाला अग्नी दिला त्या वेळेवर. मी मनगट झाकून घेतलं, पण वहिनीनं पाहिलंच.

"याच वेळी?" तिनं विचारलं.

"याच वेळी," मी म्हणालो.

गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. त्या दिवशीच्या चाळीसपैकी दहा-बारा माणसं तिथे होती. त्यांच्यासमोर मी प्रफुल्लला लेट म्हणालो होतो, म्हणून त्यांच्यासमोरच सांगितलं, की पोरगा वेळेवर होता, चूक माझी होती. बाबाराव म्हणाला, "भाऊ, निघालाच नसन असं तुम्ही म्हणाले, तवा आमीबी हो म्हटलं होतं." मग त्यानं सगळ्यांना चहा सांगितला.

संध्याकाळी वहिनीनं मला जाड कागद आणि स्केचपेन दिलं. स्थानकावर लावायचो तसं वेळापत्रक मी माझ्या टपोऱ्या अक्षरात लिहून काढलं. व्हॅन्कुव्हर, दिल्ली, नागपूर, गाव. उन्हाळी वेळ, हिवाळी वेळ. त्यांचे दहा, आपले किती. तिनं ते पीठ लावून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं, जिथे तिची शेवटची, म्हणजे तिच्या मातीला नेसवायची, साडी घडी करून ठेवलेली आहे. मग चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"एक ओळ ऱ्हायली," ती म्हणाली. मी पुन्हा पेन उघडलं आणि ती सांगेल तसं सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: "माझा मुलगा निघाला आहे. थांबा."